पापडाचं बोलावणं

“छबे, वर ये जरा. पारूच्या अंगणात कोण कोण बसलंय बघ. मला उन्हानं दिसंना झालंय.”

आईला चांगलं दिसत होतं. सुपातला खडा लांबून हेरणारी बाई ती. भिंतीपलीकडच्या अंगणातली माणसं तिला दिसत नाहीत ह्यावर कोण विश्वास ठेवणार? पण हाक मारलीच होती, म्हणून मी पुस्तक पालथं टाकून गच्चीवर गेले. आई कठड्याला टेकून, पदर कपाळावर ओढून उभी होती.

खाली, आमच्या परड्याच्या भिंतीपलीकडं, पारूकाकीचं अंगण. कडुनिंबाच्या सावलीत बायका गोल करून बसल्या होत्या. मधोमध ओल्या फडक्याखाली पिठाचा गोळा.

“पारूकाकी, कलाक्का, बिबनचाची,” मी नावं घेतली. “आणि दोघी पाठमोऱ्या हायत. काकीची रत्ना खाटेवर वाळत घालतीय.”

“पापड हायत व्हय?”

“मग पोळपाट घेऊन काय भजनाला बसल्यात?”

एरवी अशा बोलण्यावर आईनं पाठीत धपका घातला असता. त्या दिवशी तिचं लक्षच नव्हतं. “विसरली असंल पारू,” ती म्हणाली. “पोरीचं लगीन तोंडावर आलंय. डोकं ठिकाणावर असतंय का माणसाचं!”

ती जिना उतरून गेली. मागून मी आले तेव्हा तिनं माळ्यावरचं पोळपाट काढून, धुऊन पायरीवर उभं करून ठेवलं होतं. स्वतः दाराकडं तोंड करून बसली होती. आता कुणीतरी येईल, ‘मालन, चल की गं’ म्हणेल आणि आपण उठू, असा सगळा बेत तिच्या चेहऱ्यावर होता. मला तिची कीव आली. चौदा वर्षांच्या पोरीला आईची कीव येणं फार वाईट असतं.

हे विट्याजवळच्या आमच्या गावातलं. आमच्या भागातली निम्मी पुरुषमाणसं गलाईच्या धंद्यात. सोन्याचांदीची मोड भट्टीत वितळवायची आणि शुद्ध करून द्यायची, ती गलाई. त्यासाठी कुठं कुठं जातात माणसं! आमचे अण्णा, म्हणजे वडील, तमिळ मुलखात सेलमला होते. आधी बरीच वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर फुंकणी धरून, मग स्वतःचं दुकान. आम्ही खालच्या आळीत पारूकाकीला लागून पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचो. गरिबीत सुख असतं असं जे कोणी म्हणतात, त्यांनी त्या पत्र्याखाली एक वैशाख काढून बघावा. माझ्या धाकट्या भावाला तिथं ऊन लागून तो हातचा जायची वेळ आलेली मी पाहिली आहे. तेव्हा पैशाला नावं ठेवायला मी बसलेली नाही.

पैसा आला तो मात्र भसकन आला. अण्णांनी जुनी जागा आणि मागचं निम्मं परडं मिळून बंगला बांधला. फरशीत रंगीत चिप्स, खिडकीला हंसांची जाळी, दारावर ‘सुवर्णछाया’. आणि वर सिमेंटची गच्ची. तशी गच्ची तेव्हा आमच्या आळीत दुसरी नव्हती. आईला बंगल्यातलं आवडलं ते एवढंच. “बया, ह्याच्यावर सगळ्या आळीचं पापड वाळतील,” ती म्हणाली होती. बाकी जाळीतले हंस बघून तिनं तोंडाला पदर लावला होता.

पापडाचं आमच्या आळीत असं होतं. आदल्या संध्याकाळी एकीनं दारात उभं राहून ‘उद्या आमच्याकडं पापड हायत गं’ एवढंच म्हणायचं. दुसऱ्या दिवशी जिनं तिनं आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर व्हायचं. आज तुझ्याकडं, परवा माझ्याकडं. मजुरीचा विषय नाही. चहा, दुपारी आमटी-भात आणि पोरांना तेलात बुडवलेल्या लाट्या. हात चालायचे त्याहून तोंडं जास्त चालायची. सासवा, नवरे, सरपंच, सगळ्यांची सालटी तिथं निघायची. माझ्या आईला ह्या बैठकीत मोठा मान. तिचा पापड असा पातळ, की खाली पोळपाटाच्या लाकडाची रेघ दिसायची. आणि तरीही, किंवा म्हणूनच, कलाक्का तिची सगळ्यात जास्त चेष्टा करायची. “मालनच्या पापडाला फुंकर घालू नगासा, उडून सेलमला जाईल दाल्ल्याकडं!” मग आई तिला लाटणं उगारायची. दाल्ला म्हणजे नवरा. नवरा वर्षातून एकदा जत्रेला येणार, पोरं दोन, सासू अंथरुणाला खिळलेली. ह्या बाईनं ती सगळी वर्षं कशाच्या जोरावर काढली, ते मला त्या रिंगणात कळायचं.

आदल्या वर्षी बंगल्यातला पहिला उन्हाळा. आईनं हौसेनं सगळ्यांच्या आधी आमच्याकडचे पापड काढले. गच्चीवर चादरींमागून चादरी भरल्या. संध्याकाळी बायका हात धुऊन निघाल्या, तेव्हा तिनं त्यांना थांबवलं, कुंकू लावलं आणि एकेकीच्या हातात नवं लुगडं ठेवलं. अण्णांनी सेलमहून गठ्ठाच आणला होता, चांगल्या जरीच्या काठाची. बिबनचाचीला तिच्या आवडीचा हिरवा रंग मुद्दाम राखून ठेवला होता. बायका लाजल्या, नको नको म्हणाल्या, आणि घेऊन गेल्या. आई त्या रात्री इतकी खूश होती, की झोपेपर्यंत कुणाला कुठला रंग शोभला हेच सांगत राहिली.

त्यानंतर त्या उन्हाळ्यात तिला कुणाचं बोलावणं आलं नाही. कलाक्का म्हणाली, आमी यंदा करतच न्हाई. बिबनचाची म्हणाली, बहिणीकडनं आलेत. आईनं ते खरं मानलं. मानायचंच होतं तिला.

आणि आता हे समोर दिसत होतं.

जत्रेसाठी आलेले अण्णा बाहेरून आले, तेव्हा आई अजून तशीच बसलेली. अण्णांना लोक आता हिंदुरावशेठ म्हणत. देवळाच्या पारावर गेले की चारजण उठून जागा देत. कुणाला पोराला सेलमला चिकटवायचं असे, कुणाला जत्रेची वर्गणी हवी असे. अण्णा हे सगळं मनापासून करत. खोटं कशाला बोलू, पैशानं अण्णा सुखी झाले होते. अंगावर मांस चढलं होतं आणि आवाजात हसू आलं होतं. त्याचा आम्हा सगळ्यांनाच आनंद होता.

“काय गं, अशी का बसलीस? अंगात बिंगात आलंय का?”

“पारूकडं पापड हायत.”

“मग?”

“मला बोलीवलं न्हाई.”

अण्णांनी टोपी खुंटीला लावली. “बरंच झालं की. मांड्या मोडून बसायचं वाचलं. तुला पापड पायजेत का? विट्यात घरपोच मिळतात आता. पोतंभर आणू?”

आईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की ते मुकाट आत पाणी प्यायला गेले.

ऊन चढत गेलं, तशी आईची चुळबुळ वाढली. शेवटी ती उठली, पोळपाट-लाटणं काखोटीला मारलं. “चल छबे. रत्नाच्या लग्नाचं पापड हायत. बोलीवण्याची वाट कसली बघायची? तिला जल्मल्यावर पैलं पाणी मी घातलंय.”

आम्ही पुढच्या दारानं न जाता परड्यातून, भिंतीच्या खिंडारातून गेलो, पूर्वीसारखे. जवळ जाईपर्यंत हशा ऐकू येत होता. बिबनचाची कुणाची तरी नक्कल करत होती आणि कलाक्का ‘बास गं, पोट दुखाय लागलं’ म्हणत होती. आईचं तोंड फुललं. ती भराभर पुढं झाली आणि म्हणाली, “काय गं सटव्यांनो, मला सोडून?”

हशा तिथल्या तिथं थांबला. कुणी रागावलं नव्हतं, हे मी आधीच सांगते. एकीच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर आईनं भांडून मिटवलं असतं. भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. त्या सगळ्या फक्त सावरून बसल्या. डोक्यावरचे पदर नीट झाले.

“आलासा व्हय वैनी,” पारूकाकी उठत म्हणाली. “या की. रत्ने, शेजारच्या मास्तरांच्यातनं खुर्ची आण गं पळत.”

आई जागच्या जागी उभी राहिली. पारूकाकी तिला जन्मात कधी ‘वैनी’ म्हणाली नव्हती. मालन म्हणायची, रागात मालनी म्हणायची.

“खुर्ची कशाला? मी काय पावणी हाय?”

“न्हाई, पर भुईवर बसायची सवय न्हाई ऱ्हायली आता...”

“वरीस झालं फक्त बंगल्यात जाऊन. गुडघं काय सिमिटाचं झालं न्हाईत,” आई म्हणाली आणि कलाक्काच्या शेजारी बसायला वाकली. तिथं जागा नव्हती. पूर्वी जागा नसायचीच. ढुंगणानं ढकलून करून घ्यायची असायची. आता कलाक्का आणि तिच्या पलीकडची, दोघी लगोलग सरकल्या. एवढ्या सरकल्या की आईच्या दोन्ही बाजूंना मोकळं अंतर राहिलं.

रत्नानं खुर्ची आणलीच. ती रिकामी खुर्ची तिथं मागं उभी राहिली. मी तिच्यावर बसावं की बसू नये, ह्या विचारात तशीच ताटकळले.

आईनं लाटी घेतली. लाटणं फिरायला लागलं. पण हात वर्षभर सुटलेला. पापड एकीकडं पळायला लागला, कडेला जाड राहिला. तिचं तिलाच कळलं. ती थांबली आणि मान खाली घालून वाट बघू लागली. मला माहीत होतं कशाची. आता कलाक्का तोंड उघडणार. ‘अगं बाई, हे काय केलंस, बैलाचं कातडं का?’ असलं काहीतरी.

कलाक्कानं पापड उचलून बघितला. “छान झालाय की वैनी,” ती म्हणाली.

“कडंला जाड न्हाई का राहिला?”

“न्हाई न्हाई. बरोबर हाय.”

आईनं दुसरी लाटी घेतली. हा दुसरा पापड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आईनं तो मुद्दाम बिघडवला. मी समोर उभी होते, मला तिचे हात दिसत होते. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटका, मधे लाटण्याचा खड्डा. असला पापड आमच्या आळीतली सहा वर्षांची पोरसुद्धा करत नसे, केला तर हातावर लाटणं बसायचं. आईनं तो दोन बोटांनी उचलून सगळ्यांच्या मधे धरला. तिच्या डोळ्यांत खट्याळपणा होता, आणि त्याच्या आडून अगदी भिकाऱ्यासारखी वाट बघणं होतं.

“बघा गं कसा झालाय,” ती म्हणाली.

पारूकाकीनं पापडाकडं पाहिलं, मग आईकडं. क्षणभर मला वाटलं, आता हिला हसू फुटणार. तिच्या ओठाची कड हललीही. पण पलीकडच्या दोघींपैकी एक, नवी सून होती कुणाची तरी, ती घाईनं म्हणाली, “लई पातळ हात हाय काकींचा.” आणि मग बिबनचाची “व्हय, व्हय” म्हणाली. पारूकाकीनं हात पुढं करून तो पापड घेतला, रत्नाकडं दिला आणि म्हणाली, “नीट घाल गं वाळत, मोडू नगं.”

रत्नानं तो खाटेवर, चांगल्या पापडांच्या रांगेत ठेवला.

आई थोडा वेळ बसली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. “सासूबाईंना कालवून घालायचंय. येते मी.”

“च्या तरी घ्या की वैनी. ठेवलाय.”

चहा आला. बाकीच्यांना पितळ्यांतून, आईला कानाच्या कपातून, बशीसकट. तो कपही मास्तरांच्यातलाच असावा. आईनं चहा उभ्यानं प्यायला, कप पुसल्यासारखा जपून खाली ठेवला, आणि आम्ही घरी आलो. ह्या वेळी खिंडारातून न येता आई रस्त्यानं आली. मी काहीतरी बोलायला म्हणून म्हणाले, “आई, त्या असं का करत्यात?” तर म्हणाली, “उन्हाची चालू दे मला छबे. डोळं दुखत्यात.”

दिवस कलताना पारूकाकी मागच्या दारी आली. हातात पत्र्याचा डबा, वरपर्यंत पापड भरलेले. तिनं तो ओट्यावर ठेवला. “रुखवताचं काढून उरल्यात. पोरांना तळून घाला.”

आई शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. वळून तिनं डब्याकडं बघितलं नाही, पारूकाकीकडं बघितलं. “पारू, खाली बस. आणि मला वैनी म्हणशील तर बघ. माझं काय चुकलं ते सांग.”

पारूकाकी उंबऱ्यावर बसली. पायाच्या जोडव्याशी चाळा करत राहिली.

“चुकलं काय न्हाई गं.”

“मग?”

“तू लुगडी दिलीस ती.”

“वंगाळ होती का?”

“वंगाळ असती तर बरं झालं असतं. मी एकदा नेसले, भावाच्या पोराच्या लग्नात. समदी म्हणाली, मालननं दिलंय न्हवं? घडी मोडायच्या आधी त्याच्यावर तुझं नाव. धुऊन ठिवलंय ते ठिवलंय.” ती थांबली. “आता तूच सांग. तुला मी पापडाला बोलीवलं, तू दिवसभर खपलीस, तर सांजच्याला तुझ्या हातात काय ठिवू?”

“काय ठिवू नगंस! मी मागितलं का कवा? तुझ्याकडची आमटी मला चालत न्हवती का?”

“तुला चालंल. मला चालत न्हाई.” पारूकाकीचा आवाज चिडका झाला, आणि मला बरं वाटलं, हा तिचा खरा आवाज होता. “तुज्याकडं येऊन लुगडं न्यायचं आन तू आली की पितळीभर च्या पाजायचा? कलाक्का म्हणाली, आपल्या तोलात बसंना झालंय हे. बोलीवलं तर लाज, न्हाई बोलीवलं तर वंगाळ. मग न्हाईच बोलीवलं.”

“मग परत द्या मला ती लुगडी. समद्यांनी आणून टाका हितं,” आई म्हणाली. म्हणता म्हणता तिचा आवाज चिरकला. “मी जाळून टाकते समदी.”

“अशी परत येतात व्हय दिल्यालं? खुळी का काय.”

मी भांडी पुसत होते ती पुसतच राहिले. आई भिंतीला टेकून खाली बसली, पारूकाकीच्या समोर. “मला त्या पत्र्यात परत जायाचं न्हाई पारू,” ती हळू म्हणाली. “देवाशपत न्हाई. पोरगं वाचलं माझं हितं येऊन. सासूबाईंच्या डोळ्याचं आपरेशन झालं. मी न्हाई म्हणत न्हाई. पर दिवसभर ह्या फरशीकडं बघत बसायचं मला भ्या वाटतंय.”

पारूकाकीनं डोळ्याला पदर लावला. आईजवळ पारूकाकीला द्यायला सगळं होतं आणि तिला ते घेता येत नव्हतं. तिच्याजवळ आईला हवं ते एकच होतं आणि तेही तिला आता देता येत नव्हतं. मला तेव्हा दोघींचाही संताप आला. इतक्या साध्या गोष्टीवर ह्या मोठ्या बायकांना उपाय कसा सुचत नाही? पुढं माझी पोरं मोठी झाली, माझ्याही हातात बऱ्यापैकी पैसा आला, मीही लोकांना काय काय देऊन बघितलं. तो उपाय मला अजून सुचलेला नाही.

जाताना पारूकाकी उंबऱ्यात अडखळली. सांगू की नको असं चाललं होतं तिचं.

“मालन, एक सांगू का? राग मानू नगंस.” ती आईकडं न बघता म्हणाली. “तुमच्याकडचं पापड अजून व्हायचंत. शेवया बी. विट्याच्या बायका लावणार असशील तर त्यापरीस आमाला सांग. मी, कलाक्का, बिबन. रोजानं येतो आमी. रत्नाच्या लग्नाला तेवढाच हातभार.”

आईचं तोंड गोरंमोरं झालं. मला तर कानात बोटं घालावीशी वाटली. आणि नेमके तेव्हाच अण्णा मधल्या दारात आले. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं असावं.

“बेस झालं!” ते म्हणाले. “ह्यात काय अवघड हाय? मी म्हणत होतो तेच की. तुमाला काम, हिला सोबत. पारूवैनी, उद्यापास्नंच या. विट्याच्या रोजापेक्षा जास्ती देतो.”

अण्णांना खरंच आनंद झाला होता. बायकोची अडचण मिटली, शेजारणीची नड भागली. त्यांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना काही समजावता येण्यासारखंही नव्हतं.

पारूकाकी आईच्या होकाराची वाट बघत होती. आईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा ओट्यावरच्या डब्याकडं. नको म्हणाली असती, तर पारूकाकीच्या हातचा पैसा गेला असता, आणि ती ह्या घरात परत कशाला आली असती?

“या,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. सकाळी वेळेवर, पुढच्या दारानं, चपला बाहेर नीट ओळीनं काढून. गच्चीत जिन्याच्या खोपीची सावली होती, तिथं बसल्या. आई आधीच पोळपाट घेऊन बसली होती. हात भराभरा चालत होते, पापडही सुरेख होत होते. पण बोलणं नव्हतं. “मीठ बरोबर हाय न्हवं वैनी?” “हाय.” “लाट्या एवढ्याच कापू का?” “काप.” आईनं दोनदा विषय काढून बघितला. सरपंचाच्या नव्या फटफटीचा काढला, कलाक्काच्या सासूचा काढला. त्या व्हय म्हणाल्या, हसायचं तिथं हसल्या आणि पुन्हा खाली बघून लाटू लागल्या. कामावर आलेल्या बाईनं मालकिणीपुढं किती हसायचं, ह्याचं माप त्यांना ठाऊक होतं. त्या कुणी आळशी किंवा लबाड नव्हत्या. घेतलेल्या पैशाला जागत होत्या.

थोड्या वेळानं पारूकाकी म्हणाली, “तुमी उठा वैनी. उगं कशाला अवघडून बसता. आमी बघतो.”

तिनं ते चांगल्या मनानंच म्हटलं होतं. आई उठली. “च्या टाकते,” म्हणून जिन्याकडं आली. मी तिच्या मागोमाग. आम्ही दोन पायऱ्या उतरलो असू नसू, आणि वर बिबनचाची काहीतरी पुटपुटली. मग दबकं खुसूखुसू झालं. आई जिन्यातच थबकली. तिनं गच्चीचं दार हलकेच, आवाज न करता ओढून घेतलं आणि फटीशी कान लावला. मला खूण केली, गप.

“...तर काय!” कलाक्काचा आवाज आला, मोकळा, पूर्वीसारखा. “काल मालननं लाटलेला बघितला न्हवं? पापड हुता का कानफाटक्या बैलाचं कातडं! रत्नाच्या रुखवतात ठिवला असता तर नवरा मांडवातनं पळून गेला असता!”

हशाचा जो कल्लोळ उसळला, तो आवरेना. पारूकाकी सगळ्यांच्या वर हसत होती. “आन वर धरून दावती कशी बघा,” ती म्हणत होती, “आमची मालन!” आणि पुन्हा हशा.

मला वाटलं, आई आता रडणार. वळून बघितलं तर तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि खांदे गदगदत होते. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, त्यांच्या हसण्याला हसणं लावून, आवाज न करता, दाराआड.

“चल की आई वर,” मी कुजबुजले. “तुझंच बोलत्यात. चल, जाऊ.” आणि मी कडीला हात घातला.

तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

“उघडू नगंस,” ती म्हणाली. “उघडलं की थांबतील त्या.”